मढवी सर आणि त्यांचं दुखणं

सोमवारी सकाळी मी स्टाफरूममध्ये पर्स टेकवते न टेकवते तोच मढवी सर विचारायचे, "काय देवधर बाई, काल काय केलंवतं घरी?"

काल म्हणजे रविवार, आणि केलं होतं म्हणजे जेवायला. "अळूवड्या" एवढंच सांगून सुटका होत नसे. अळू कुठून आणलं, घशाला खाजलं का, चिंच जास्त की गूळ, उंडे तळले की नुसते तव्यावर परतले, मिस्टरांनी किती खाल्ल्या, शेवटची वडी कोणी उचलली, सगळं सांगावं लागे. सर टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून, मान थोडी वाकडी करून ऐकत. मध्येच डोळे मिटत. कडेची कुरकुरीत वडी आली की "हां" म्हणत, आणि मी घाई करून पुढे गेले तर मागे आणत. "थांबा, थांबा. कढईतून काढली आनि लगेच तोंडात घातली, का थंड होऊ दिली?"

स्वतः सर त्यांच्या डब्यातला मऊ भात आणि पातळ मूगडाळ खायचे. वर पडवळ, दुधी नाहीतर दोडका. तेलाचा थेंब दिसायचा नाही. पहिल्या घासाबरोबर एक कॅप्सूल, कारण तिच्याशिवाय तेवढंही पचत नसे.

एकदा मी न राहवून विचारलं, "सर, हे सगळं ऐकून तुम्हाला त्रास नाही का हो होत?"

"खाल्लेलं पचत न्हाय बाई," ते म्हणाले, "ऐकलेलं सगलं पचतं."

दामोदर मढवी आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. गाव खारबाव. घराण्याची भातशेती होती, पुढे खाडीकडची थोडी जमीन गोदामवाल्यांना भाड्याने गेली, भाऊ ट्रान्सपोर्टच्या धंद्यात शिरले. सरांना मात्र लहानपणापासून कबड्डीखेरीज दुसरं काही सुचलं नाही. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघात त्यांची निवड व्हायची होती, आणि त्याच सुमाराला पोटात पहिली कळ आली. आधी सगळ्यांना वाटलं पित्त, मग वाटलं अल्सर. दोन-तीन वर्षं गोळ्या बदलून झाल्यावर ठाण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की स्वादुपिंडाला कायमची सूज आहे. पचनाचे रस ज्या नळीतून आतड्यात जातात त्या नळीत खडे झालेत. हे पूर्ण बरं होणारं नाही, सांभाळून राहायचं.

"स्वादुपिंड!" सर म्हणायचे. "काय गोड नाव. मना वाटलं कुठल्यातरी देवलातला परसाद हाय."

मी शाळेत रुजू झाले त्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत खडूची पेटी आणायला म्हणून मी जिन्याखालच्या खोलीत गेले. तिथे खडू-डस्टरांबरोबर खेळाचं सामानही असायचं. खोलीत एक उंच, शिडशिडीत माणूस खुर्ची उलटी करून तिच्यावर बसला होता. खुर्चीची पाठ आणि स्वतःचं पोट यांच्यामध्ये त्याने चटईची गुंडाळी दाबून धरली होती आणि तिच्यावर ओणवा होऊन दोन्ही हातांनी खुर्चीला मिठी मारली होती. मानेवर घाम. गळ्यातली शिट्टी खाली लोंबत होती.

"सर, बरं नाही का वाटत? कोणाला बोलावू?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "नको. नेहमीचं हाय. तुमी नवीन ना? मराठीच्या बाई?"

"हो."

"मग जरा बोला काहीतरी. मना विचारू नका, नुसतं बोलत ऱ्हावा."

आता ओळख ना पाळख, काय बोलायचं? मी गोंधळून उभी. तेव्हा तोच म्हणाला, "सकाली काय खाल्लंत ते सांगा."

मी थालीपीठ खाल्लं होतं. भाजणी आईने पाठवलेली. मी भाजणीपासून सुरुवात केली. कांदा बारीक चिरलेला, मध्ये भोक पाडून सोडलेलं तेल, वर लोण्याचा गोळा. सांगता सांगता माझीच भीड चेपली. थालीपीठ संपवून मी चहापर्यंत आले तेव्हा त्याच्या खांद्यांचा ताण थोडा सैल झालेला दिसला. घंटा झाली. तो सावकाश उठला, तोंडावर पाणी मारलं, चटई जागेवर ठेवली आणि म्हणाला, "लोनी मस्त होतं." पाचच मिनिटांत मैदानावरून त्याची शिट्टी ऐकू आली.

तेव्हापासून हा आमचा शिरस्ता पडला. दुखत असो नसो, सर जेवणाचं विचारायचे.

शाळेत त्यांच्याबद्दल दोन मतं होती. ज्यांनी त्यांना मैदानावर पाहिलं होतं त्यांना ते देवासारखे वाटत. ज्यांनी त्यांना फक्त त्या उलट्या खुर्चीत पाहिलं होतं, ते हळूच अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवत. हा आजार दारूने होतो एवढं कोणीतरी कुठेतरी ऐकलेलं असे, आणि आगरी घरातला माणूस, हळदीला-लग्नाला जाणारा, म्हणजे पीतच असणार, असा हिशोब लोक स्वतःच मांडून मोकळे होत. खरं म्हणजे सरांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. त्यांच्या आईला ते चालत नसे, आणि पुढे या आजारात तर तो प्रश्नच उरला नाही. पण नवीन डॉक्टर गाठला की त्याचा पहिला प्रश्न, "किती घेता?" सर याला फार चिडायचे. एरवी कशालाही न चिडणारा माणूस, पण इथे आवाज चढायचा. "थेंब न्हाय! आईची शपथ, थेंब न्हाय!"

दुखण्यावर मात्र त्यांचा राग नसे. संगीताच्या बाईंनी एकदा सुचवलं, "सर, त्याला पाहुणा म्हणायचं. आला, चार दिवस राहिला, गेला. असं मानलं की मनाला बरं वाटतं."

"छ्या," सर म्हणाले. "नाव न्हाय द्यायचं. नाव दिलं की पाट मांडावा लागतो."

त्यांच्या लग्नाची हकीकत मला सुरेखावहिनींनी सांगितली. वहिनी शेलार गावच्या. त्यांचं तिथे साड्यांना फॉल लावायचं आणि ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान होतं, लग्नानंतर त्यांनी ते खारबावला हलवलं. बोलण्यात तिखट, आणि सरांपेक्षा चांगल्या हसायच्या.

स्थळ आणणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की मुलाला थोडी ॲसिडिटी आहे. बघायच्या दिवशी सगळे पाटावर बसलेले, पोह्यांच्या बशा फिरलेल्या, आणि मुलाने बशीला हात लावला नाही. वहिनींच्या मामांनी आग्रह केला. तेव्हा सरांनी सगळ्या मोठ्या माणसांसमोर सांगून टाकलं, "मना ॲसिडिटी न्हाय. मोठा आजार हाय. अधूनमधून इतकं दुखतं की दोन-दोन दिवस उठता येत न्हाय. पुढे साखर पन होनार असं डॉक्टर बोलतान. तुमाला नाही म्हनायचं असेल तर आत्ता म्हना. मी राग धरनार न्हाय."

सरांचे वडील जमिनीकडे बघत राहिले. मामांनी बशी खाली ठेवली. आत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुरेखाने सरळ बाहेर येऊन विचारलं, "मग तुमी खाता काय?"

"मऊ भात. मूगडाल. उकडलेली भाजी."

"मासे?"

"उकडलेलं पापलेट. बारकं. महिन्यातून एखाद वेला."

"आमच्या आजीला दमा हाय," सुरेखा म्हणाली. "घरात कोनालातरी कायतरी असतं, त्याला काय घाबरायचं? पन एकदा मना तुमच्या डॉक्टरकडे न्या. मना त्यालाच विचारायचंय."

दोन्ही घरांना हे फार चमत्कारिक वाटलं, पण साखरपुड्याच्या आधी दोघं खरंच मोटारसायकलवरून ठाण्याला गेले. नेमके त्या दिवशी नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, दुसरे कोणीतरी बसले होते. त्यांनी कागद चाळले, सरांकडे पाहिलं, सुरेखाकडे पाहिलं आणि तिलाच विचारलं, "हे किती पितात?"

"मी बोल्ली," वहिनी मला सांगत होत्या, "डॉक्टरसाहेब, अजून लगीन न्हाय झालं. झालं की बघून सांगते." हे सांगताना त्यांना इतकं हसू आलं की हातातली सुई बाजूला ठेवावी लागली. सर बाहेर ओट्यावर बसले होते. तेही आत डोकावून म्हणाले, "परत तीच गोष्ट? तो डॉक्टर आजून घाबरतो हिला."

कबड्डी खेळणं सुटलं तरी सरांनी कबड्डी सोडली नाही. ते पंच झाले. भिवंडी तालुक्यात कुठे मंडळाचे सामने असले की मढवी सरांना बोलावणं असायचंच. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट, आणि खिशात ओव्याची पुडी. दुखू लागल्यावर ओव्याने काही होत नाही हे त्यांना माहीत होतं, पण तोंडात काहीतरी हवं म्हणून ते चघळत.

शेलारच्या एका स्पर्धेत अंतिम सामना खारबाव आणि पूर्णा या दोन गावांत लागला. सर पंच आहेत याला पूर्णाच्या लोकांनी आधी हरकत घेतली होती, गावचा माणूस गावालाच देणार म्हणून. पण दुसरा तयार पंच नव्हता. मी, माझे मिस्टर आणि सुरेखावहिनी कडेच्या खुर्च्यांवर बसलो होतो. सामना शेवटपर्यंत बरोबरीत चालला. मध्यंतरानंतर माझ्या लक्षात आलं की सर शिट्टी वाजवल्यावर प्रत्येक वेळी हात गुडघ्यांवर टेकवतायत.

"वहिनी, सरांना..."

"हो. मघापासून सुरू झालंय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मैदानावरची नजर हलवली नव्हती. "आता काय बोलायचं न्हाय. झाल्यावर बघू."

शेवटची चढाई पूर्णाच्या पोराची होती. खारबावच्या चौघांनी मिळून त्याला धरला, खाली पाडला. सगळं गाव उभं राहिलं. पण तो पोरगा त्या ढिगाखालून सरपटत आला आणि त्याची बोटं मध्यरेषेला लागली. सर रेषेच्या टोकाशी होते. ते गुडघ्यावर बसले, खरं म्हणजे पडलेच, एक हात पोटावर दाबला आणि दुसरा हात पूर्णाच्या बाजूला सरळ वर केला. खारबाव हरलं.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "पंच पिऊन आलाय! बघा कसा पडलाय!"

गर्दी आत घुसली. खारबावचा कप्तान पुढे झाला. सरांनीच कधीकाळी त्याला पहिली पकड शिकवली होती. रागाने त्याचं तोंड लाल झालेलं. "सर, तुमी आपल्याच पोरांना..."

सरांना उभं राहता येत नव्हतं. त्यांनी त्याला हाताने जवळ बोलावलं. तो वाकला. सरांनी त्याच्या तोंडासमोर एक जोराचा श्वास सोडला आणि विचारलं, "कसला वास येतो?"

कप्तान गोंधळला. "ओव्याचा."

"मोठ्याने सांग."

"ओव्याचा वास येतोय!" कप्तान ओरडला, आणि ते इतकं अनपेक्षित होतं की पुढच्या रांगेतली एक म्हातारी फस्सकन हसली. मग तिच्या मागचे हसले. राग तिथेच फुटला. सर म्हणाले, "आता रेषा बघ. मातीत बोटं उमटलीत. मी काय करू?" कप्तानाने पाहिलं. बोटं उमटली होती. त्यानेच मग सरांना खांद्याचा आधार देऊन आमच्यापर्यंत आणलं आणि गाडीत बसवलं. जाताना एवढंच म्हणाला, "सर, पन तुमी जरा उशिरा बघितलं असतं तर चाललं असतं." सर वेदनेतही हसले.

आमच्या शाळेत मुलींची कबड्डी सरांनी सुरू केली. आधी आया नाही म्हणाल्या, मग बाप नाही म्हणाले. सर घरोघर गेले. लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, काम करणाऱ्यांच्या वस्तीत त्या खटखटाटात मोठ्याने हिंदीत बोलून त्यांनी पूनम यादवच्या वडिलांना पटवलं. पूनम सडपातळ, चपळ, आणि हट्टी. तिला चढाईत रेषेपलीकडे पाय टाकून बोनस गुण मिळवायची फार घाई असायची. "ए पूनम, पाव नंतर, आधी डोले!" सर तिच्यासाठी हिंदी-मराठी मिसळून ओरडायचे. "डोले पहिले जातात, पाव मागून!"

मुली जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत पोचल्या त्या वर्षी सरांची तब्येत फार उतरली होती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दोनदा दुर्बिणीतून स्वादुपिंडाच्या नळीत छोटी नळी घालून झाली होती. थोडे महिने बरे जायचे, पुन्हा सुरू. साखरही आली होती, रोज इन्शुलिन. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता पोट उघडून ऑपरेशन करू. खडे काढू, रसाला नवी वाट करून देऊ. दुखणं जाईलच अशी खात्री देत नाही, पण कमी व्हावं. तारीख मिळाली ती नेमकी स्पर्धेच्या आठवड्यातली.

शाळेत सगळे धरून चालले होते की सर ऑपरेशन पुढे ढकलतील. मुख्याध्यापिकाही म्हणाल्या, "सर, आठ-पंधरा दिवस इकडे तिकडे झाले तर?" मुलींनी तर रडारड केली.

सर म्हणाले, "नाही. मना बरं व्हायचंय."

इतकं साधं वाक्य, पण मला ते ऐकून आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं त्यांनी दुखणं असं हसत अंगावर घेतलं होतं, की आम्हाला वाटू लागलं होतं त्यांना ते चालतंच. सर माझ्याकडे वळले. "बाई, मुलींना घेऊन तुमी जा."

"मला कबड्डीतलं काही कळत नाही हो."

"चांगलं हाय. म्हनजे तुमी मधेमधे ओरडनार न्हाय. पानी पाजा. आनि हरल्या तर येताना गप्प बसू देऊ नका."

मुली हरल्या. उपांत्य सामन्यात, एका गुणाने, पूनमच्या चढाईवर. बोनसच्या नादात पाय आत गेला आणि घोटा धरला गेला. परतताना बसमध्ये कोणी बोलेना. पूनम खिडकीला डोकं लावून बसलेली. मला सरांचं सांगणं आठवलं, आणि येत होती ती एकच गोष्ट मी केली. पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "घरी गेल्यावर आई काय करणार आहे जेवायला?" ती म्हणाली, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. मागचीने विचारलं, सुकट भाजून की तळून? मग एकेकीचं सुरू झालं. पूनमने सगळ्यात शेवटी तोंड उघडलं. तिच्या घरी लिट्टी-चोखा होता, आणि वांगं विस्तवावर कसं भाजतात ते ती इतकं रंगवून सांगू लागली की ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "किधर मिलता है ये?"

आठ-दहा दिवसांनी पूनमला आणि आणखी दोघींना घेऊन मी हॉस्पिटलात गेले. सर खूप खंगलेले दिसत होते. नाकात नळी, पोटातून नळी, हाताला सुई. सुरेखावहिनी स्टुलावर बसल्या होत्या. शेजारच्या कॉटवर पन्नाशीचा एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"हे रामसूरतभाई," सरांनी ओळख करून दिली. "आपल्याच भिवंडीचे. लूमवर हायत. माझाच आजार."

रामसूरतने मान वळवली, ओशाळं हसला आणि पुन्हा भिंतीकडे वळणार तेवढ्यात पूनम त्याच्याशी तिच्या गावाकडच्या बोलीत काहीतरी बोलली. तो एकदम उठून बसायला लागला. "कौन जिला, बिटिया?" जिल्हा एक निघाला नाही, पण शेजारचा निघाला, आणि तेवढ्याने त्याचा चेहरा बदलला.

सर म्हणाले, "पूनम, दाखव मना. कशी गेलीस?"

"यहाँ, सर?"

"इथंच. ती दोन कॉटच्या मधली जागा म्हनजे मैदान."

पूनमने ओढणी कमरेला बांधली आणि दबक्या आवाजात कबड्डी कबड्डी करत दोन कॉटच्या मध्ये आली. पाय पुढे टाकला. त्याच क्षणी रामसूरतने कॉटवरून हात लांब करून तिची ओढणी पकडली. "पकड़ लिया!" पूनम दचकून किंचाळली, मुली हसल्या, सर हसता हसता टाके दुखतात म्हणून उशी पोटाशी धरून कळवळले, आणि नर्सने येऊन आम्हाला सगळ्यांना झापलं. "तोच पाव," सर म्हणाले, अजून हसत, "डोले न्हाय गेले आधी." पूनमने मान खाली घातली, पण तीही हसत होती. त्या सामन्याबद्दल ती पहिल्यांदाच हसली असेल.

सर घरी आल्यावर मी खारबावला गेले होते, तेव्हा त्यांनी रामसूरतची आधीची हकीकत सांगितली. वहिनी दुकानात होत्या, आम्ही दोघंच ओट्यावर.

"पहिल्या दिवशी वॉर्डात डॉक्टर आले," सर सांगू लागले. "मना विचारलं, घेता का? मी नेहमीसारखा बोललो, थेंब न्हाय, आईची शपथ. एकदम मोठ्याने. सगल्या वॉर्डाला ऐकू गेलं. मग डॉक्टर शेजारी गेले, त्याला विचारलं. तो काय बोल्लाच न्हाय. भिंतीकडे तोंड केलं. नर्स बोल्ली, ये तो रोज का पीनेवाला है. त्या दिवसापासून तो भिंतीकडेच. त्याच्याकडे कोन येत पन नव्हतं."

सर पाय खाली सोडून बसले.

"मग ऑपरेशनच्या आधी एका दुपारी दोघांना एकदमच कल आली. मी इकडे, तो तिकडे, मधे पडदा. सुरेखा बाहेरून धावत आली आनि तिला समजेना, आवाज कोनाचा हाय. ती आधी त्याच्याकडे गेली. त्याला वाटलं नर्स हाय. तिचा हात धरून बसला. हिने पन सोडवला न्हाय."

"मग?"

"मग काय. दुखनं दोघांचं एकच ना, बाई? मी आयुष्यभर थेंब न्हाय थेंब न्हाय करत होतो. कोनाला सांगत होतो? माझं दुखनं चांगल्या घरचं हाय, असं?" त्यांनी खिशातून ओव्याची पुडी काढली. "त्याच्याशी बोलायला लागलो. बारा तासांची ड्युटी, रात्रीची शिफ्ट, कानात ती खटखट. घर लांब. प्यायला लागला. वाईटच केलं. पन कल आली म्हनजे ती काय विचारून येत न्हाय, का रे बाबा, तू कसा झालास आजारी."

त्यानंतर मी सरांच्या तोंडून ती शपथ कधी ऐकली नाही. ते काही महिन्यांनी शाळेत परत आले. वजन थोडं वाढलं होतं. दुखणं गेलं नव्हतं, पण फेऱ्या कमी झाल्या होत्या. जिन्याखालची खुर्ची महिन्या-दोन महिन्यांतून एखाद वेळी लागे. नव्याने आलेल्या गणिताच्या तरुण सरांनी एकदा डबा खाताना, बिचाऱ्यांनी सहजच, विचारलं, "सर, तो आजार दारूमुळेच होतो ना?" आम्हाला वाटलं आता आवाज चढणार.

"होतो कधी कधी," मढवी सर भात कालवत म्हणाले. "न पिता पन होतो. तुमच्या डब्यात काय हाय? भरलं वांगं? कूट शेंगदान्याचं का तिलाचं?"

रामसूरतशी त्यांचं रविवारी फोनवर बोलणं होई. मी एकदा तिथेच होते. मला वाटलं दारू सोडली का विचारतील. ते मोठ्या आवाजात विचारत होते, "क्या खाया आज? लौकी? कैसे बनाया? अरे, ठीक से बताओ भाई!" फोन ठेवल्यावर म्हणाले, "सोडलीय म्हनतो. मी विचारत न्हाय. तो आपनहून सांगतो."

मी निवृत्त झाले तेव्हा सरांनी निरोपाच्या समारंभात भाषण करायला नकार दिला आणि मुलींच्या संघाकडून मला मैदानात बोलावून घेतलं. पदर खोचून मला एक चढाई करावी लागली. मुलींनी मला फार जपून धरलं.

गेल्या हिवाळ्यात सुरेखावहिनींचा फोन आला. पोपटी लावणार आहोत, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या, या. मी आणि मिस्टर रिक्षाने निघालो. पूर्णाच्या पुढे ट्रेलरच्या रांगा लागलेल्या, त्यामुळे पोचायला दुपार झाली. घरी सर नव्हते. वहिनी म्हणाल्या, "तल्यावर हायत. चला, बोलवून आनू."

गावाच्या मागे तळं आहे. काठावर दगडी पायऱ्या, पलीकडे चिंचेची झाडं, आणि त्यांच्यामागे गोदामांचे निळे पत्रे. पाण्यात मधोमध कोणीतरी उताणं तरंगत होतं. हात दोन्हीकडे पसरलेले, पांढरे झालेले केस पाण्यात मोकळे. पोटावरचा आडवा व्रण उन्हात चकाकत होता. सरांना पोहता येतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"परवा दोन दिवस अंथरुनातच होते," वहिनी म्हणाल्या. "काल जरा उठले. आज बरं हाय, तर सकालपासून दोनदा तल्यावर." मग त्यांनी तोंडाशी हात धरून हाक मारली, "अवो! देवधर बाई आल्यात!"

सरांनी डोकं न उचलता एक हात वर केला, हलवला आणि परत पाण्यावर ठेवला. यायचं काही लक्षण दिसेना. त्यांनी पाय जरासे मारले आणि ते आणखी आत, चिंचेच्या सावलीच्या कडेपर्यंत गेले, आणि तिथून पुन्हा उन्हात आले.

वहिनींनी हातातला टॉवेल पायरीवर ठेवला आणि त्या माझ्या शेजारी बसल्या.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोपटीला वेल हाय आजून."